सी-४ खाली आला म्हणजे ल्युपस बळावला, असे नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्याच्या रुग्णाच्या फाइलमधला सर्वांत धास्ती देणारा कागद बहुधा सी-४चा असतो. मेलेल्या पेशींचा आणि प्रतिपिंडांच्या गुठळ्यांचा कचरा उचलायला मदत करणारे हे प्रथिन. नॉर्मल रेंज साधारण १० ते ४० मिलिग्रॅम, दर १०० मिलिलिटरमागे. आकडा ८ आला की शेजारी खाली जाणारा बाण छापला जातो आणि घरात लगेच स्टेरॉइड वाढणार का, ही चर्चा.

पण ८ हा आकडा दोन वाटांनी येतो. आजार जोरात असला की हे प्रथिन खर्च होते, ही एक. दुसरी जन्मापासूनची. आपल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. सी-४चे तसे नाही. सहाव्या गुणसूत्रावरचा तो तुकडा कुणाकडे एकाहून अधिक वेळा आलेला, कुणाकडे गळलेला. त्यामुळे कुणाच्या दोनच प्रती, कुणाच्या सहा. चार सर्वाधिक आढळतात. प्रती कमी, तर प्रथिनही कमी. सी-३ (याच साखळीतले दुसरे प्रथिन) नॉर्मल, डीएसडीएनए अँटिबॉडी (स्वतःच्याच डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे) होती तिथेच, लघवी स्वच्छ, सांधे आणि त्वचा ठीक, आणि सी-४ मात्र वर्षानुवर्षे ८-९ वर, तर संशय जनुकांवर घ्यावा. (एकटा सी-४ कमी असण्याची इतरही कारणे आहेत; ओठ-पापण्या वारंवार सुजवणारा आनुवंशिक अँजिओएडिमा हे त्यातले एक.) केवळ त्या बाणाकडे बघून स्टेरॉइड वाढवणे चूक आहे.

उलट बाजू जास्त फसवी. पाच प्रती असलेल्या बाईचा नेहमीचा आकडा ३५ असू शकतो. तो १५ वर उतरला तरी रिपोर्ट नॉर्मलच म्हणणार. निम्म्याहून अधिक प्रथिन गेले, बाण कुठेच नाही! म्हणून आकडा रेंजशी ताडण्याआधी स्वतःच्या जुन्या आकड्यांशी ताडावा, शक्यतो त्याच लॅबमधल्या. सोबत लघवीतील प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर हवेच. ते ०.५ च्या वर टिकून राहिले, तर सी-४ काहीही असो, मूत्रपिंडाच्या बायोप्सीचा विचार लांबवू नये.

कळवण-सुरगाण्याहून नमुना शहरात यायचा असेल तर सीरम तिथेच वेगळे करून थंड डब्यात पाठवावे. सीएच-५० (या साखळीतल्या सगळ्या प्रथिनांचे एकत्रित काम मोजणारी चाचणी) सांगितली असेल तर गोठवूनच. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या नमुन्यात ती खोटीच कमी येते आणि खापर आजारावर फुटते.

आता घरोघर निघणारा प्रश्न: रुग्णाच्या मुलीच्या सी-४ प्रती मोजून घ्याव्यात का? आमचे उत्तर, नको. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या २००७ मधील अभ्यासात एकूण दोनच प्रती असणाऱ्यांना ल्युपसची शक्यता सुमारे सहापट आढळली. सहापट ऐकून पोटात गोळा येतो, पण कशाच्या सहापट? दिल्लीकडच्या जुन्या पाहणीत लाखात साधारण ३ रुग्ण निघाले होते. त्याच्या सहापट म्हणजे लाखात १८. पाहणीतून बरेच रुग्ण सुटले असे धरून मूळ आकडा दहापट केला, तरी हजारी दोनसुद्धा भरत नाहीत. शिवाय गोऱ्या लोकांत सी-४ए (सी-४च्या ए आणि बी या दोन प्रकारांपैकी एक) गळलेले गुणसूत्र बहुधा एचएलए-डीआर३ हा प्रतिकारशक्तीच्या शेजारच्या जनुकाचा प्रकारही सोबत आणते; दोष नेमका कुणाचा, हे वेगळे काढायला २०२० च्या अभ्यासात आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांचे नमुने कामी आले. तिथले गुणक इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आणि जास्त प्रती म्हणजे निव्वळ फायदा, असेही नाही: सी-४ए जास्त असणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा वाढतो, हे २०१६ मध्ये दिसले. एफसीजीआर३बी या दुसऱ्या जनुकाच्या कमी प्रतींचा संबंध २००६ मध्ये ल्युपसमधल्या मूत्रपिंडाच्या दाहाशी जोडला गेला, पण त्यावरूनही कुणा एकीचे भविष्य सांगता येत नाही.

तरीही निदान ठरलेल्या रुग्णाचा सी-४ समजून घेण्यासाठी डॉक्टरांनी मोजणी सांगितली, तर ती कशी होते ते विचारावे. रिअल-टाइम पीसीआरमध्ये (डीएनए दर सायकलला दुप्पट करत मोजणारी चाचणी) एक प्रत आणि दोन प्रती यांत पूर्ण एका सायकलचा फरक पडतो. चार आणि पाच यांत जेमतेम ०.३२ सायकलचा. पिपेट जराशी चुकली की तो नाहीसा. डिजिटल पीसीआर किंवा एमएलपीए या प्रती मोजण्याच्या दुसऱ्या पद्धती त्यापेक्षा भरवशाच्या. साध्या एक्झोमवर (जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग वाचणारी तपासणी) विसंबू नये: ए आणि बी जवळजवळ सारखेच असल्याने छोटे तुकडे कुठे बसवायचे हेच यंत्राला कळत नाही. रक्त ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतच द्यावे, हेपरिन पीसीआर अडवते. रिपोर्टवर एक बेरीज घरीही करता येते: ए अधिक बी, आणि लांब अधिक आखूड (जनुकाच्या लांबीवरून पडणारे दोन प्रकार), दोन्ही बेरजा एकूण प्रतींइतक्याच यायला हव्यात. जुळल्या नाहीत तर चाचणी पुन्हा मागावी.

नाशिकमधल्या लॅबना आमची विनंती एवढीच, की सी-४च्या रिपोर्टवर त्या रुग्णाचे मागचे तीन आकडे तारखेसह छापावेत. संगणकात ते असतातच. आणि जनुक तपासणीची पॅकेजेस विकणाऱ्यांनी प्रती कोणत्या पद्धतीने मोजल्या, हे रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहावे.

– प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारे दोन वाचक,
इंदिरानगर, नाशिक