नसलेल्या हाताची मूठ सोडवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

कडबाकुट्टीत वडिलांचा उजवा हात कोपराखाली गेला. जखम भरली, टाके निघाले, तरीही जो हात उरलाच नव्हता त्याची मूठ घट्ट आवळली आहे आणि नखे तळव्यात रुतत आहेत, असे म्हणत ते रात्र-रात्र जागे राहत. आधी ज्यांना दाखवले त्यांनी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या, आणि खरे सांगायचे तर आम्हा घरच्यांनाही तेच पटले होते.

आपण पहिल्याच भेटीत विचारलेत, “काका, दाढी करताना त्या हाताला काही जाणवतं का?” वडील क्षणभर गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले की, गालावर ब्रश फिरला की गेलेल्या अंगठ्याला गुदगुल्या होतात. लोक वेड्यात काढतील या धास्तीने ही गोष्ट त्यांनी आईलाही सांगितली नव्हती.

मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो त्यात हात आणि चेहरा शेजारी असतात, आणि हाताकडून येणारे संदेश थांबले की चेहऱ्याचे संदेश त्या जागेत शिरत असावेत, असे आपण समजावले. या स्पष्टीकरणावर संशोधकांत मतभेद आहेत, हेही लपवले नाहीत. “म्हणजे शेजाऱ्याने बांध कोरला म्हणायचा,” असे म्हणून वडील अपघातानंतर प्रथमच हसले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील प्रयोगशाळेत मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी हात गमावलेल्यांच्या गालावर कापसाची काडी फिरवून हेच तपासले होते, आणि १९९६ साली डायेन रॉजर्स-रामचंद्रन यांच्यासह आरशाच्या पेटीचा (शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दाखवण्याचा) प्रयोग प्रसिद्ध केला होता, हे आपल्याकडूनच कळले. गालाला लावलेला कापूस नसलेल्या बोटाला का लागतो, या प्रश्नाला आमच्या गावात कोणीही रिकामटेकडा उद्योगच म्हटले असते.

आईचा आरसा टेबलावर उभा करून, उजव्या हाताचा उरलेला भाग त्याच्यामागे झाकून, डावी मूठ सावकाश उघडायची आणि नजर आरशातल्या ‘उजव्या’ हातावर ठेवायची, असा व्यायाम आपण रोज १५ मिनिटे करायला सांगितलात. आठवडाभर फरक पडेना, तेव्हा वैतागलेल्या वडिलांना आपण अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाच्या २००७ सालच्या अभ्यासाची हकिगत सांगितलीत: पाय गमावलेल्या १८ जणांपैकी आरसा वापरणाऱ्या सहाही जणांच्या वेदना चार आठवड्यांत कमी झाल्या, मात्र आरसा झाकून तोच व्यायाम केलेल्यांपैकी एकालाच आराम पडला. एवढ्या थोड्या माणसांवरून हमी देता येत नाही, हेही आपणच बजावलेत. त्या स्पष्टपणामुळेच वडिलांनी व्यायाम सोडला नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते ओरडले, “सुटली गं मूठ!”

वेदना पूर्ण गेलेली नाही. मूठ अधूनमधून पुन्हा आवळते. मग ते स्वतःच आरसा मागून घेतात, आणि भांग पाडायला आरसा मिळत नाही म्हणून आई कुरकुरत बसते. आम्हा सर्वांचे मनःपूर्वक आभार स्वीकारावेत.

आपला नम्र,
एका शेतकऱ्याचा मुलगा