ओंकारच्या वजनाबद्दल, शुभास

मिरज

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

ओंकारला दहावं सरलं, उंची 138 सेंमी, वजन 46 किलो. म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 24 च्या थोडा वर. या वयात हा लठ्ठपणातच मोडतो, त्यामुळे 'बाळसं आहे, उतरेल' म्हणून सोडून देऊ नकोस. पण लगेच त्याचं जेवणही तोडू नकोस. या वयात उंची वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते. वजन वर्षभर 46 लाच धरून ठेवलं आणि उंची 143 झाली, तरी बीएमआय साडेबावीसवर येतो. सध्या तेवढंच साधायचं. उपाशी ठेवलेलं पोर लपून खातं, वर वाढीलाही ते मारक.

त्याचं दिवसभराचं खाणं लिहून पाठवलंस ते फार बरं केलंस. सकाळ-दुपार ठीक आहे, बिघडतं ते साडेचार ते आठच्या मध्ये. शाळेतून कडकडून भूक लागलेली, त्यावर गोड पावडर घातलेलं दूध आणि बिस्किटं. 100 ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साधारण 450 कॅलरी आणि पाव हिस्सा साखर असते, तरी पोट भरत नाही. म्हणून मग मोबाइल बघत डब्यातून भडंग, क्लासच्या वाटेवर वडापाव, आणि साडेनऊला पुन्हा जेवण. हे सगळं तो हावरटपणानं करत नाही गं. साडेचारच्या भुकेला पोटभरीचं अन्न मिळत नाही, म्हणून होतं.

तेव्हा त्याला साडेचारलाच जेवू घाल. एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ, नाहीतर पोळी आणि एक अंडं. रात्रीचं ताट आठच्या आत, आणि त्याच मापानं लहान. दूध 200 मिली, बिनसाखरेचं. पावडर एकदम काढलीस तर तो दूधच सोडेल. दोन चमच्यांवरून एक, पंधरा दिवसांनी अर्धा, मग बंद.

सांगलीत राहून भडंग बंद कर असं मी सांगणार नाही. 100 ग्रॅम चुरमुऱ्यांना दोन चहाचे चमचे तेलाची फोडणी पुरते, शेंगदाणे कोरडे भाजून मूठभर घाल, पिठीसाखर नको. आणि वाटीत काढून दे. डबा हातात असला की किती खाल्लं ते कळतच नाही. नुसत्या चुरमुऱ्यांनी तासाभरात पुन्हा भूक लागते, म्हणून त्यात मोडाची मटकी आणि कांदा-टोमॅटो मिसळ.

साखर काढून गूळ आणलात, पण त्यानं हिशेब बदलत नाही. 100 ग्रॅम गुळात 380 च्या आसपास कॅलरी, साखरेत 400. उसाच्या रसाच्या 250 मिली ग्लासात तीसेक ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं अशी वरची साखर या वयाच्या मुलाला दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. तुझ्या सासूबाईंना हा आकडाच दाखव, 'देऊ नका' म्हणालीस तर त्या दुखावतील. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांचं आठवड्याचं साडेचारशे मिली बाटलीत काढून ठेव आणि तेवढ्यात भागव. हे सगळं घरादाराला लागू. ताईला चिप्स आणि ओंकारला काकडी, असं केलंस तर दोन दिवसही टिकणार नाही.

आता खेळ. रोज एकूण 60 मिनिटं घाम यावा इतकी हालचाल हवी, सलगच हवी असं नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला पाहिजे. त्याला एकदम डांबरी रस्त्यावर पळवू नकोस, टाचा आणि गुडघे धरतात. पहिले दोन-तीन आठवडे आमराईत भरभर चालणं, नंतर हरिपूर रस्त्यावर सायकल. पावसात ओसरीवर दोरीउड्या: 30 सेकंद उड्या, 30 सेकंद विश्रांती, दहा फेऱ्या. खो-खो, कबड्डीत तो पहिल्यांदा बाद होईल, पोरं चिडवतील आणि मैदानच सुटेल. ते दम वाढल्यावर. आणि 'अर्धा तास चाललाय, खाऊ दे वडापाव' हा सौदा कधीच करू नकोस, तेवढ्या चालण्यानं वडापाव भरून निघत नाही.

झोप नऊ तासांच्या खाली नको. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते.

मानेवर काळपट, मखमली पट्टा आहे असं लिहिलंयस. तो मळ नाही, घासू नकोस. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. बालरोगतज्ज्ञांना दाखव, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी), रक्तातली चरबी आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) पाहायला हवं. रात्री घोरत असेल तर तेही सांग. थायरॉईडची शंका तू घेतलीस, पण थायरॉईडनं वजन वाढलेल्या मुलाची उंची सहसा खुंटते, आणि ओंकारची तशी दिसत नाही. मांडीचा सांधा किंवा गुडघा दुखून लंगडायला लागला, तर मात्र त्याला चालवू नकोस, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे ने.

वजन महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी सकाळी. कंबरही मोज: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. ती उंचीच्या निम्म्याखाली, म्हणजे आज 69 सेंमीच्या आत हवी. त्याच्यासमोर आकड्यावर चर्चा नको, आणि 'जाड्या' हा शब्द घरात कुणीही उच्चारायचा नाही, लाडानंसुद्धा.

वजन, उंची आणि कंबर, तिन्ही आकडे मला पाठव, पुढचं त्यावरून लिहिते.

तुझी,
मीना