देमरेच्या टोमॅटोवाल्यांना उठवू नका

प्रति,
मा. सांस्कृतिक व पर्यटन मंत्री,
तुर्कस्तान

महोदय,
सप्रेम नमस्कार.

अंताल्या प्रांतातल्या देमरे गावाविषयी लिहितो आहे. प्रवासी तिथे डोंगरात कोरलेली लिशियन (त्या भागातल्या प्राचीन लोकांची) थडगी, रोमन नाट्यगृह आणि संत निकोलसचं चर्च पाहतात आणि बसमध्ये बसतात. पण जे प्राचीन मायरा शहर पाहायला ते आलेले असतात, त्यातलं बहुतेक गाळाखाली आहे आणि त्यावर ठिकठिकाणी हरितगृहं उभी आहेत. नदीच्या पुरांनी ते मध्ययुगात गाडलं गेलं. २००९ मध्ये रडारने जमीन तपासली तेव्हा खाली भिंती आणि इमारती असाव्यात असं दिसलं. मग खोदकामात सुमारे साडेपाच मीटर गाळाखालून तेराव्या शतकातलं एक छोटं प्रार्थनाघर निघालं, भिंतीवरच्या चित्रासकट शाबूत!

असं काही सापडलं की सरकारी नजर आधी वरच्या शेतकऱ्याकडे वळते, मग देश कुठलाही असो. मी स्वतः वसईकडचा वाडीवाला, त्यामुळे शेतकऱ्याची बाजू घेणारच. पण साधा हिशेब बघा. टोमॅटोचं मूळ कितीही खोल गेलं तरी त्या छतापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतात ते हॉटेलचे खांब, तळघरं आणि बोअर. देमरेत हिवाळी टोमॅटो आणि मिरचीला भाव आहे तोवर जमिनीवर काँक्रीट चढायला थोडा तरी अटकाव आहे. शेती परवडेनाशी झाली की बिल्डर यायला वेळ लागत नाही, हे आम्ही बघितलंय. आमच्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. त्या प्राचीन बंदराचा विस्तार शोधायचा म्हटलं तर आज कुदळ मारायला मोकळी जागा मिळणं मुश्कील.

तुमच्याकडे अजून वेळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पीक उपटून झालं की हरितगृहं रिकामी असतात. तेव्हा मालकांना विश्वासात घेऊन एकेका प्लॉटखाली रडार फिरवा आणि नकाशा सर्वांसाठी खुला करा. जिथे खाली काही महत्त्वाचं आहे तिथे पक्कं बांधकाम बंद, शेती चालू. खोदणं अटळच असेल तर शेतकऱ्याला जमिनीच्या बदल्यात तशीच पाण्याची जमीन द्या, नुसता चेक नको. नांगराला कोरीव दगड लागला की तो गुपचूप पुन्हा पुरायचा, ही सवय जप्तीच्या भीतीतून येते. ती भीती गेली तर तोच माणूस तुमच्या संशोधकांना हाक मारून बोलावेल.

मायराच्या अँड्रियाकी बंदरावरच्या, रोमन सम्राट हाड्रियनच्या काळातल्या धान्यकोठारात तुम्ही संग्रहालय केलंत, ते उत्तमच. तिकिटांच्या पैशातला ठरावीक वाटा मात्र देमरेच्या शेतकऱ्यांसाठी बाजूला काढा. हरितगृहाचं प्लास्टिक बदलायलाही पैसे लागतात.

आपला,
वसई तालुक्यातला एक बागायतदार