मॉड्यूल दिसतंय, पण सर्व्हरला सापडत नाही

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून सविस्तर लिहितोय. सर्व्हरांची मांडणी आपोआप लावणारं पपेट म्हणतंय एनटीपीचा (घड्याळं जुळवणाऱ्या सेवेचा) क्लास सापडत नाही, आणि तुला मात्र ते मॉड्यूल, म्हणजे त्या क्लासचा कोड असलेला फोल्डर, यादीत व्यवस्थित दिसतंय. म्हणून मिळेल त्या फोल्डरमध्ये ते कॉपी करून बघायचं तू ठरवलंयस. हात जोडून सांगतो, एवढं करू नकोस. एकाच मॉड्यूलच्या अनेक प्रती असल्या की पपेट मॉड्यूलपाथमध्ये (मॉड्यूल शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आधी येणाऱ्या फोल्डरमधली प्रत उचलतं आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. मग तू बदल करशील एकीत आणि चालेल दुसरीच.

आधी सर्व्हर नेमका कुठे शोधतोय ते काढ. ‘पपेट कॉन्फिग प्रिंट मॉड्यूलपाथ’ चालव, सोबत सेक्शन सर्व्हर आणि एन्व्हायर्नमेंटचं (कोडच्या ज्या संचावर काम चाललंय त्याचं) नाव दे. हे सुडो लावूनच, म्हणजे रूटच्या अधिकाराने कर. साध्या यूजरने चालवलं तर पपेट ईटीसी या सिस्टिम फोल्डरमधली सेटिंग्ज बघतच नाही. तुझ्या होममधल्या लपलेल्या पपेटलॅब्स फोल्डरवरून पाथ ठरवतं. मला दाट शंका आहे ती इथेच. इन्स्टॉल सुडोशिवाय झालं असेल, तर मॉड्यूल तुझ्या होममध्ये जाऊन बसलंय. यादीही तू त्याच यूजरने काढतोस, म्हणून तुला ते दिसतं. सर्व्हर चालतो पपेट नावाच्या यूजरखाली, तो तिकडे फिरकतच नाही.

गिटवरून क्लोन केलं असशील तर फोल्डरचं नावही बघ. क्लोन केल्यावर ‘पपेटलॅब्स-एनटीपी’ असा फोल्डर तयार होतो, पण पपेटला तो नुसता ‘एनटीपी’ हवा. मॉड्यूलच्या नावात डॅश चालत नाही.

छापून आलेला प्रत्येक फोल्डर डिस्कवर खरंच आहे का, हेही तपास. नसलेला फोल्डर पपेट निमूटपणे वगळतं, आणि हे मला फार खटकतं; निदान कॅटलॉग (त्या मशीनवर काय काय हवं याची यादी) बनवताना एक इशारा तरी द्यायला हवा. जुन्या लेखांवर विसंबू नकोस. 2015 साली चौथी आवृत्ती आली आणि कोडची जागा ईटीसीतल्या ‘पपेट’मधून ‘पपेटलॅब्स’खालच्या ‘कोड’मध्ये गेली.

आणखी एक. तुमच्याकडे आर10के आहे, म्हणजे गिटमधला पपेट कोड सर्व्हरवर नेऊन ठेवणारं (डिप्लॉय करणारं) साधन. पपेटफाइलमध्ये (बाहेरून आणायच्या मॉड्यूल्सच्या यादीत) नोंद नसलेलं मॉड्यूल तू हाताने ‘मॉड्यूल्स’मध्ये ठेवलंस, तर पुढच्या डिप्लॉयमध्ये ते पुसलं जाईल. बाहेरून आणलेलं असेल तर पपेटफाइलमध्ये नोंद कर. घरचं असेल तर कंट्रोल रेपोत (आर10के ज्यातून कोड घेतं त्या गिट रेपोत) ‘साइट-मॉड्यूल्स’ असा वेगळा फोल्डर करून एन्व्हायर्नमेंटच्या कॉन्फ फाइलमधल्या मॉड्यूलपाथमध्ये तो ‘मॉड्यूल्स’च्या आधी लिही, मध्ये कोलन टाकून. बेसमॉड्यूलपाथ (सगळ्या एन्व्हायर्नमेंट्सना सामाईक फोल्डर) शेवटी राहू दे.

एवढं करूनही अडलं तर सुडोने काढलेलं आउटपुट आणि ती कॉन्फ फाइल मला पाठव, मी रात्री बघतो. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
विनय