संशोधनाच्या निधीला समानतेची अट घाला : विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

नवी मुंबईत औषधसंशोधनाच्या क्षेत्रात मी बावीस वर्षे नोकरी केली. सुरुवातीला आमच्याकडे चाचण्यांसाठी केवळ नर उंदीर मागवले जात, कारण मादीच्या संप्रेरकांच्या चढउतारामुळे निष्कर्ष वरखाली होतात, असे आम्हाला सांगितले जाई. ते औषध पुढे बायकाही घेणार आहेत, हे माझ्यासकट कोणाच्याच मनात येत नसे. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची स्त्रियांसाठीची मात्रा अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०१३ मध्ये, म्हणजे गोळीला परवानगी मिळून वीस वर्षे झाल्यावर, निम्म्यावर आणावी लागली, कारण स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवतानाही तिचा अंमल उरतो. संशोधनातील स्त्री-पुरुष समानता म्हणजे प्रयोगशाळेतील स्त्रियांची शिरगणती नव्हे, असे मी म्हणते ते यासाठी.

आपल्या खात्याने २०२० मध्ये संस्थांमधील स्त्री-पुरुष समानता जोखणाऱ्या ब्रिटनच्या अथेना स्वान सनदेच्या धर्तीवर तशाच कामासाठी 'गती' उपक्रम सुरू केला, तो तीस संस्थांत. हेतू उत्तमच होता, पण सहभाग ऐच्छिक होता, आणि ऐच्छिक कामाची फाइल कुठे राहते हे आपणांस ठाऊक आहे. युरोपीय संघाने २०२२ पासून विद्यापीठे व संशोधन संस्थांना समानतेचा आराखडा असल्याशिवाय आपल्या मुख्य संशोधननिधीसाठी अपात्र ठरवले. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन ही संशोधनाला निधी देणारी संस्था उभी राहिली असून पाच वर्षांत त्यातून ५०,००० कोटी रुपये खर्च व्हावेत आणि त्यांतील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यावा, अशी योजना आहे. देशाच्या नवनिर्मितीवर एवढा पैसा लागणार असेल, तर समानतेचा आराखडा आणि प्रयोगात दोन्ही लिंगांचा विचार कसा केला याचा खुलासा, या दोन अटी मंजुरीपूर्वीच घालाव्यात.

या चर्चेत पाळणाघर आणि बाळंतपणाची रजा या किरकोळ बाबी वाटतील. १९७३ साली स्थापन झालेली इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन वाशीत पाळणाघर आणि नोकरदार महिलांचे वसतिगृह चालवते; शास्त्रज्ञ बायकांनी ही गरज स्वतःच ओळखली. माझ्या एका कनिष्ठ सहकारी मुलीचे प्रकल्पावरील कंत्राट मात्र ती बाळंतपणाच्या रजेवर असतानाच संपले आणि तिची अर्धवट राहिलेली नोंदवही पुढे कोणी उघडली नाही. रजेचा काळ प्रकल्पाच्या मुदतीत धरू नये, एवढी ओळ मंजुरीपत्रात घालण्यास वेगळा निधी लागत नाही.

आपली,
एक निवृत्त संशोधिका
नेरूळ, नवी मुंबई