टेक्सासातला आपला होला

संपादक महोदय,

आपल्याकडे तारेवर बसून घुमणारा कंठवाला होला अमेरिकेत उपरा आहे. १९७४ च्या सुमारास बहामात पिंजऱ्यातले काही पक्षी सुटले, पुढच्या दशकात ते फ्लोरिडात पोचले आणि तिथून जवळजवळ सारा देश व्यापला. टेक्सासात त्याच्या शिकारीला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. परवाना मात्र लागतोच.

घोटाळा होतो तो तिथल्या मूळच्या मोर्निंग डव्ह या होल्याशी. त्याला हंगाम आहे, रोजची मर्यादाही आहे. मानेमागची काळी अर्धकडी उडत्या पक्ष्यात चटकन दिसत नाही, कोवळ्या पिल्लांना तर ती नसतेच. म्हणून शेपटी पाहावी: उपऱ्याची टोकाला चौकोनी, मूळच्याची निमुळती. मारलेल्या पक्ष्याची पिसे घरी पोचेपर्यंत काढू नयेत, नाहीतर तपासनीसाला ओळख पटवणार कशी?

बंदुकीने हा पक्षी आटोक्यात येईल असे वाटत नाही. उबदार भागात वर्षाला तीन ते सहा विणी, एका विणीला बहुधा दोन अंडी. आणि मुक्काम वस्तीत, धान्याच्या कोठारांपाशी, जिथे बार काढता येत नाही. सांडलेले दाणे झाडून घेणे जास्त कामाचे.

सुट्टीत भारतात येणाऱ्या हौशींनी मात्र हात आवरावा. इथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार होला मारणे गुन्हा आहे.

– एक पक्षीनिरीक्षक, पुणे