'आल्फाव्हिल'कडे भाकीत म्हणून पाहू नये

प्रति,
माननीय संपादक,

विषय : रविवार पुरवणीतील विज्ञानपटांवरील लेखाबाबत

महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेची चाहूल आधीच लागलेल्या चित्रपटांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदार यांच्या 'आल्फाव्हिल' (१९६५) या फ्रेंच चित्रपटाचा उल्लेख वाचून आनंद झाला, परंतु त्याबद्दल जे लिहिले गेले ते वाचून राहवले नाही. प्रदर्शनाच्या वेळी हा चित्रपट उपेक्षित राहिला, साधनांच्या अभावामुळे तो आज तोकडा वाटतो आणि संगणकाच्या सत्तेचे भाकीत खरे ठरल्यामुळेच त्याला आता महत्त्व आले आहे, असा लेखाचा एकूण सूर आहे. यातील पहिले विधान वस्तुस्थितीला सोडून आहे आणि उरलेल्या दोन्हींमुळे चित्रपटाचा मूळ गाभाच हरवतो.

उपेक्षेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. १९६५च्या बर्लिन महोत्सवात 'आल्फाव्हिल'ला सर्वोच्च पारितोषिक, म्हणजे 'गोल्डन बेअर', मिळाले. त्याच महोत्सवात 'चारुलता'साठी सत्यजित राय यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा 'सिल्व्हर बेअर' मिळाला होता, त्यामुळे निदान भारतीय वाचकाला तरी ते वर्ष अपरिचित वाटू नये. पुढे त्याच वर्षी न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवाचा आरंभही याच चित्रपटाने झाला. इतके स्वागत झालेल्या कलाकृतीला उपेक्षित म्हणता येत नाही. मात्र तिच्याबद्दल मतभेद झाले, आणि ते कशावरून झाले हे समजून घेण्यासारखे आहे.

एडी कॉन्स्टंटाईन हा अमेरिकन वंशाचा नट १९५३पासून फ्रेंच पडद्यावर लेमी कॉशन या गुप्तहेराची भूमिका करत होता. हाणामारी, मद्य आणि सुंदर स्त्रिया यांनी भरलेल्या त्या स्वस्त थरारपटांचा मोठा प्रेक्षकवर्ग होता. गोदार यांनी तोच नट, तेच पात्र, तोच लांब कोट आणि तीच टोपी जशीच्या तशी उचलली आणि हा गुप्तहेर 'फिगारो-प्रावदा' नावाच्या वृत्तपत्राचा बातमीदार बनून, आल्फा ६० या संगणकाच्या हुकमतीखालील शहरात शिरतो, अशी कथा रचली. थरारपट पाहायला आलेल्यांना गोळीबार आणि पाठलाग मिळाले खरे, पण त्यांच्या मधोमध फ्रेंच कवी पॉल एल्युआर यांच्या कविता आणि अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांच्या काळाविषयीच्या निबंधातील वाक्ये उच्चारणारे यंत्र येऊन बसले. कथेने वेग घेतला की चिंतन तिला अडवते, ही तक्रार तेव्हापासून आजतागायत होत आली आहे. माझ्या मते या अडवणुकीतच चित्रपटाचे सामर्थ्य आहे, कारण ज्या शहरात 'का' हा प्रश्न विचारणेच वर्ज्य आहे, तिथे थबकून विचार करणे हेच नायकाचे खरे साहस ठरते.

आता साधनांच्या तोकडेपणाबद्दल. या चित्रपटासाठी भविष्यातील शहराचा एकही देखावा उभारलेला नाही आणि एकही विशेष दृश्यपरिणाम वापरलेला नाही, हे खरे आहे, पण तो नाइलाज नसून निर्णय होता. १९६३च्या अखेरीस सुरू झालेले पॅरिसचे वर्तुळाकार आकाशवाणी भवन, पॅरिसलगतच्या ला देफांस भागात तेव्हा नुकत्या उभ्या राहू लागलेल्या काचेच्या इमारती, हॉटेलांचे जिने आणि कार्यालयांचे लांबलचक बोळ हेच गोदार यांचे आल्फाव्हिल आहे. छायालेखक राऊल कुतार यांनी इलफर्ड कंपनीची अतिसंवेदनशील कृष्णधवल फिल्म वापरून, जादा दिव्यांची मदत जवळजवळ न घेता, हे शहर रात्री टिपले. त्यामुळे दिवे पांढरे फटफटीत होतात, चेहरे अर्धेअधिक काळोखात बुडतात आणि पॅरिसमध्ये राहणाऱ्यालाच स्वतःचे शहर परके वाटू लागते. जाळीमागे फिरणारा, प्रकाशाने उजळलेला एक पंखा आणि स्वरयंत्र गमावलेल्या माणसाचा यंत्राच्या साह्याने उमटणारा घोगरा आवाज, एवढ्यावर आल्फा ६० उभा राहतो. कोट्यवधी खर्चून घडवलेल्या कित्येक पडद्यावरील संगणकांनी मला इतके अस्वस्थ केलेले नाही.

म्हणूनच भाकिताची भाषा मला अपुरी वाटते. १९६५च्या फ्रेंच प्रेक्षकासमोर संगणक ही दूरची कल्पना नव्हती. बुल या फ्रेंच कंपनीचा गामा ६० हा महाकाय संगणक १९६०पासून ग्राहकांकडे पोहोचू लागला होता, आणि १९६४ मध्ये हीच कंपनी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन उद्योगाच्या ताब्यात गेल्यामुळे फ्रान्समध्ये मोठी खळबळ उडाली होती. आल्फा ६० हे नाव ऐकताना तेव्हाच्या जाणकार प्रेक्षकाला गामा ६० आठवला नसेल, हे संभवत नाही. माफक भाड्याच्या सरकारी वसाहतींना चित्रपटात दीर्घ आजारांची रुग्णालये म्हटले आहे, तोही त्या काळच्या नव्या नगररचनेवरचा थेट प्रहार होता. पत्नीच्या मृत्यूने रडला म्हणून एका माणसाला जलतरण तलावाच्या काठावर गोळी घातली जाते आणि प्रतिष्ठित पाहुणे टाळ्या वाजवतात, या प्रसंगात भविष्याचे काहीच नाही. युरोपने असे तर्कशुद्ध क्रौर्य अवघ्या वीस वर्षांपूर्वी नाझी छळछावण्यांत अनुभवले होते, आणि आल्फाव्हिलच्या नागरिकांच्या अंगावर गोंदलेले क्रमांक त्याचीच आठवण करून देतात.

चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. त्यातील बहुतेक स्त्रिया पुरुषांच्या सेवेला ठेवलेल्या आहेत. हा त्या राजवटीवरचा आरोप असला, तरी कॅमेराही अनेकदा त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहतो. आना कारिना यांनी विलक्षण संयमाने साकारलेल्या नायिकेला, नताशालाही अखेर सुटकेसाठी बाहेरच्या पुरुषाची वाट पाहावी लागते. शिवाय विचार न करता गोळ्या झाडणारा लेमी हाच माणुसकीचा प्रतिनिधी कसा, हा आक्षेप मला गंभीर वाटतो आणि चित्रपटात त्याचे पुरेसे उत्तर सापडत नाही. अशा मुद्द्यांवर आपल्या पुरवणीत चर्चा झाली असती, तर मी तिचे स्वागतच केले असते.

माझी विनंती एवढीच आहे की बर्लिनच्या पारितोषिकाबाबतची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी आणि जमल्यास कुतार यांच्या छायालेखनावर एखाद्या जाणकाराकडून स्वतंत्र लेख लिहवून घ्यावा. महाराष्ट्रात फिल्म सोसायटी चळवळीतून जागतिक चित्रपट पाहायला शिकलेला वाचकवर्ग आजही मोठा आहे आणि तो असा लेख आवडीने वाचेल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे